हस्ते ताई

गॅसचा सिलिंडर कधी लावला, एवढंच मला बघायचं होतं. नोव्हेंबरातली गोष्ट. ज्योत पिवळी पडायला लागली होती आणि बुकिंग करावं की अजून चार दिवस ढकलावे, हा नेहमीचा हिशेब. आमच्या घरात अशा वेळी कुणी डोक्याला ताण देत नाही, बाबांची डायरी उघडतं. दुधाचे पैसे, पेपरवाला, लाइटबिल, जांभळी नाक्यावरून आणलेली कोथिंबीर, स्टेशनपर्यंतची रिक्षा, सगळं तिच्यात तारीखवार. निळं बॉलपेन, टपोरं अक्षर, रकमेखाली एक आडवी रेघ. पान उघडलं आणि डोळ्यांवर चष्मा असूनही मी डायरी पार नाकाशी नेली. ओळ सुरू होताना अक्षर बऱ्यापैकी होतं आणि रकमेपर्यंत पोचता पोचता दम लागल्यासारखं बारीक होत गेलं होतं. शेवटचा आकडा तर ठिपक्याएवढा. सिलिंडरची तारीख सापडली, सात ऑक्टोबर. डायरी मिटून मी जागेवर ठेवली. वय झालं आता, असं मनात म्हटलं आणि पोळ्यांना लागले. पण पायात कुसळ जावं तसं ते अक्षर दोन दिवस टोचत राहिलं.

बाबांचं अक्षर बारीक होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत ते एकतीस वर्षं पॅकिंग खात्यात होते. सकाळी कंपनीची बस नौपाड्यातून उचलायची, कळव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून पलीकडे न्यायची. संध्याकाळी परत आले की त्यांच्या शर्टाला एक गोडसर, पिठूळ वास असायचा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या बाबांना असाच वास येतो. तिथल्या रजिस्टरात बॅच नंबर लिहून लिहून त्यांचं अक्षर घडलं होतं. तीन आणि आठमध्ये कुणाची फसगत होता कामा नये, हा त्यांचा धर्म. गोळ्यांची पट्टी नीट बंद झाली आहे की नाही ते कसं बघतात, हे त्यांनी मला चौथीत असताना सांगितलेलं अजून आठवतं. पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवायच्या, वरून झाकण लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि मग बाहेर काढून, पुसून, एकेक गोळी फोडून बघायची. एका जरी गोळीला निळा डाग दिसला तरी मशीन थांबवायचं. ‘एक डाग म्हणजे एक डाग,’ असं ते म्हणायचे, ‘तो थोडासा नसतो.’

आता मागे वळून बघताना वाटतं, डाग तर कितीतरी दिसत होते. साधारण पावसाळ्यापासून बाबा घरात चपला ओढत चालायला लागले होते. फरशीवर सर्र सर्र असा आवाज यायचा, मी चिडायचे की पाय उचलून टाका जरा. तलावपाळीला संध्याकाळी दोन फेऱ्या मारणारा माणूस एका फेरीवर आला, मग गडकरी रंगायतनच्या समोरच्या कट्ट्यावर नुसताच बसायला लागला. शर्टाच्या बटणांना वेळ लागायला लागला. सकाळी उशीच्या अभ्र्यावर लाळेचा ओला गोल दिसायचा, मी काही न बोलता अभ्रा बदलायचे, कारण ते त्यांना आवडलं नसतं. शेजारच्या काकूंनी एकदा मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, ‘बाबा रागावलेत का गं आमच्यावर? हसतच नाहीत हल्ली.’ मी म्हटलं, आई गेल्यापासून थोडे तसेच झालेत. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. गेल्याच गणपतीत हेच बाबा आरतीला झांजा बडवत होते, हे मला त्या क्षणी आठवलंही नाही.

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक उत्तर होतं. चपला सैल झाल्यात, तलावपाळीला गर्दी वाढलीये, बटणांची काजं घट्ट आहेत. आणि काहीच सापडलं नाही तर चौऱ्याहत्तर हा आकडा होताच.

‘वय झालं’ हे आपल्या घरांतलं माळ्यावरचं गाठोडं आहे. जे कुठे ठेवायचं कळत नाही ते त्यात कोंबायचं.

डायरीनंतरच्या आठवड्यात मी बाबांना पाचपाखाडीतल्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेले. जाताना माझ्या मनात एकच शब्द होता, पार्किन्सन्स. तो मी घरात कुणापुढे उच्चारला नव्हता. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांनी बाबांना चालायला लावलं, हाताची बोटं मिटून उघडायला लावली, एका कागदावर शंखासारखं गोल गोल वळण काढायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, ‘आजोबा, एक वाक्य लिहा. काहीही.’ बाबांनी जरा विचार केला आणि लिहिलं, ‘ठाणे हे तलावांचे शहर आहे.’ ‘ठाणे’ वाचता येत होतं. ‘शहर आहे’ जवळजवळ नव्हतंच. त्या कागदाकडे बघत राहिल्या, आणि मग मला वाटलं होतं तसं काही न बोलता म्हणाल्या, ‘गोळ्यांची पिशवी आणलीये का?’ फोनवर अपॉइंटमेंट देताना त्यांच्या माणसाने सांगितलं होतं, घरात चालू असलेलं सगळं औषध घेऊन या. मला ती नुसती पद्धत वाटली होती.

पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची, मध्येच एक गुडघ्याला लावायचं मलम, अर्धवट खोकल्याची बाटली. त्या प्रत्येक पट्टी उलटी करून मागची बारीक छपाई वाचत होत्या. आमच्या मेडिकलवाल्याला पट्टी कात्रीने कापून द्यायची सवय, त्यामुळे काहींवर नावाचा अर्धाच तुकडा उरलेला. एका कॅप्सूलच्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं. सकाळची, अ‍ॅसिडिटीची. ‘ही कधीपासून?’ मी म्हटलं, ती तर साधी पोटाची आहे हो, ती नेहमीचीच. ‘कधीपासून?’ फेब्रुवारीत एका लग्नाला डोंबिवलीला गेलो होतो, तिथून आल्यावर बाबांना जळजळ आणि पोट फुगणं सुरू झालं होतं, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दिली होती. चिठ्ठी अजून पिशवीतच होती, घडीवर फाटत आलेली. डॉक्टरबाईंनी ती उघडून माझ्यासमोर सरकवली. सकाळी जेवणाआधी एक, आणि त्याच्यापुढे स्पष्ट अक्षरात गुणिले पंधरा. पंधरा दिवस. आम्ही नऊ महिने घेत होतो.

कॅप्सूलमध्ये दोन औषधं होती. रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम, ते आम्ल कमी करणारं. आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. हे दुसरं नाव मी तोवर कधी ऐकलंही नव्हतं. डॉक्टरबाईंनी फार सोपं करून सांगितलं. मेंदूत डोपामिन म्हणून एक रसायन असतं, हातपाय न अडखळता, सैलपणे हलतात ते त्याच्या जोरावर. पोटात मात्र ते उलटं काम करतं, पोटाची हालचाल मंद ठेवतं. हे औषध डोपामिनची वाट अडवतं. त्यामुळे पोट लवकर रिकामं होतं, ढेकर थांबतात, जडपणा जातो. पण पोटासाठी गिळलेली गोळी पोटापाशीच थांबेल असं थोडंच आहे. रक्तातून ती मेंदूतही जाते आणि तिथेही तेच करते. मग माणूस पार्किन्सन्स झाल्यासारखा दिसायला लागतो. चेहरा कोरा, चाल आखडलेली, अक्षर बारीक. म्हातारपणी हे जास्त होतं. उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येते म्हणून महिनोन् महिने घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या, त्यांचंही असंच. ‘थोडे दिवस, गरज असेल तेव्हा, ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण ही रोजच्या चहासारखी घ्यायची गोष्ट नाही.’

बाबा सगळं ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच नाही, पण आता मला माहीत होतं की ते काहीच नसणंही औषधाचंच आहे.

घरी येताना रिक्षात माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं. ‘नेहमीचंच ना, ताई?’ आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला पोरगा. गोड पोरगा आहे, पाऊस असला तर गोळ्या घरी आणून देतो, सुट्टे नसले तर ‘नंतर द्या’ म्हणतो. मी काउंटरपाशी उभी राहिले की तो हातातला मोबाइल खाली ठेवायच्या आधीच मागच्या खणाकडे वळलेला असतो. मी मानही न हलवता क्यूआर कोड स्कॅन करत असते. पट्टीवर लाल चौकटीत इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं. दर महिन्याला ती चौकट माझ्या हाताखालून गेली. त्याने चिठ्ठी मागितली नाही हे खरं. पण समजा एखाद्या दिवशी त्याने मागितली असती, तर मीच नाक फेंदारून म्हटलं असतं, अरे, ओळखत नाहीस का आम्हाला? सरकारने २०१६ साली अँटिबायोटिकच्या पट्ट्यांवरच्या लाल रेघेची मोहीम काढली तेव्हा मी ती माहिती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवली होती. खाली हात जोडल्याची खूणसुद्धा टाकली होती.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी पुन्हा डायरी काढली आणि यावेळी फेब्रुवारीपासून वाचत आले. बाबांची लिहिण्याची तऱ्हा जुनी, पेढीवरची. पैसे कुणाच्या हातून गेले तेही लिहायचं. ‘भाजी, ह. स्वतः.’ ‘इस्त्री, ह. जावई.’ ‘ह.’ म्हणजे हस्ते. मार्चच्या दोन तारखेला, टपोऱ्या अक्षरात, ‘औषधे, ह. ताई’ आणि पुढे रक्कम. मला ते लहानपणापासून ताईच म्हणतात. एप्रिलमध्ये ‘औषधे, ह. ताई.’ मे, जून. जुलैत ‘ताई’तल्या ‘ई’वरचं टोक खाली बसलेलं. सप्टेंबरात मात्रा शिरोरेघेला चिकटलेल्या. नोव्हेंबरात ‘ह. ताई’ एवढी अक्षरं मिळून एका तांदळाच्या दाण्यात मावली असती. दर महिन्याला मी आणून दिलं आणि दर महिन्याला त्याच हाताने त्यांनी ते नोंदवलं, जरा आणखी बारीक.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मग परत येऊन तीच पानं पुन्हा बघितली.

श्रीवर्धनची माझी आजी औषधाला भारी घाबरायची. तिथे एक दवाखाना होता, त्यात कंपाउंडर. लाकडी खिडकीतून रिकामी बाटली आत द्यायची, लालगुलाबी मिक्श्चर भरून ती बाहेर यायची. बाटलीला एक उभी कागदाची पट्टी डकवलेली असे, दोन्ही बाजूंनी कातरून खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. मला त्या खाचा फार आवडायच्या, कारण औषध संपत चाललंय हे डोळ्यांना दिसायचं. चार खाचा, तीन, दोन, झालं. बाटली रिकामी झाली की आजार संपलाच पाहिजे, नाही तर पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं आणि कंपाउंडर विचारणार, ‘काय म्हणतंय?’ माझ्या काकूला बाळंतपणात लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा तिथल्या नर्सने आधीच सांगून ठेवलं होतं, शौचाला काळं होईल, घाबरू नका. आजीला तेवढं वाक्य कायम पाठ होतं. तिच्या मते खरं औषध तेच, जे काय बिघडवणार ते आधी सांगतं. अर्थात जुनं ते सगळं सोनं होतं असं मुळीच नाही. त्याच आजीच्या डब्यात डोकेदुखीच्या ए.पी.सी.च्या गोळ्या असायच्या. त्यातला ‘पी’ म्हणजे फिनॅसिटिन, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी केली आणि १९८३ साली आपल्याकडे ते बंद झालं. आजी ती गोळी रोज दुपारी चहाबरोबर घ्यायची. मिक्श्चरला घाबरणारी बाई, गोळीला नाही.

आमच्या घरात माझ्यासकट सगळेच असे. दोन वर्षांपूर्वी मला सर्दीताप होता आणि ऑफिस बुडवायचं नव्हतं. फोर्टहून निघताना सर्दीची गोळी घेतली, सीएसएमटीला सहा दहाची कल्याण स्लो पकडली, खिडकी मिळाली. डोळे उघडले तेव्हा बायका उतरत होत्या आणि डोंबिवली आली होती. ठाण्याची अख्खी झुंड माझ्या अंगावरून उतरून गेली असणार, मला पत्ता नाही. घरी सगळे हसले, मीही हसले. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते, हे कुणाला माहीत नसतं? हसण्यासारखं नव्हतं ते दुसरंच, जे माझ्या लक्षात आत्ता बाबांच्या निमित्ताने पट्ट्या उलट्या करून वाचायला लागल्यावर आलं. त्या सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. आणि ताप म्हणून मी वेगळी ६५० ची पॅरासिटामॉल घेत होते. दिवसातून चार-चार वेळा दोन्ही. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नसतं, नाही तर यकृतावर बेततं. मी ४६०० वर होते आणि स्वतःला काळजीपूर्वक औषध घेणारी समजत होते. दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, आत तेच.

बाबांना या सगळ्यात गिधाडं आठवली. मला आधी वाटलं, विषय बदलतायत. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की अर्ध्या तासात आभाळ काळं व्हायचं, असं ते नेहमी सांगतात. आमच्या गावापासून म्हसळ्याच्या वाटेला चिरगाव आहे, तिथे अजून गिधाडांची घरटी आहेत, पण बाकी आभाळ रिकामं झालं. कारण होतं डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर दिलेलं ते इंजेक्शन, मग मेलेल्या गुरामार्फत गिधाडाच्या पोटात, आणि गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत बंद. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. ‘आमच्या कंपनीतही गोळी निघायची ती,’ बाबा म्हणाले. ‘माणसांची. चांगली निघायची.’ मग जरा थांबून, ‘वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई तीच घेतात ना गुडघ्याला?’ घेतात. बीपीच्या गोळीबरोबर, पायाच्या सुजेवर दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या पाण्याच्या गोळीबरोबर. दुखण्याची ही गोळी आणि पाण्याची गोळी एकत्र म्हणजे मूत्रपिंडाला मार, हे आता मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी जमेल तितकं सौम्य सांगितलं, म्हटलं, एकदा डॉक्टरांना तिन्ही गोळ्या एकत्र दाखवा. त्या म्हणाल्या, ‘अगं, ती पायाची सूज बीपीच्या गोळीनेच आलीये असं मला कधीचं वाटतंय, पण कोण विचारणार?’ बाई बरोबर होत्या. त्यांची गोळी अ‍ॅम्लोडिपिनची, तिने घोटे सुजतात. सुजेसाठी दुसरी, वर गुडघ्याची तिसरी. पहिल्या गोळीपाशी परत जायला कुणाला सवड नव्हती.

या नव्या शहाणपणाची माझ्या अंगात येऊन गेलेली एक लहरही सांगून टाकते. डॉक्टरबाईंनी फक्त ती एक कॅप्सूल थांबवायला सांगितली होती. मी संतापाच्या भरात बीपीची गोळीही बंद केली. सगळंच विष, असं काहीतरी डोक्यात शिरलं होतं. चौथ्या दिवशी बाबा डोकं धरून बसले, मोजलं तर वरचा आकडा १८०. फोनवर डॉक्टरबाईंनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ‘न विचारता चालू ठेवलंत, आता न विचारता बंद करताय’ एवढं मात्र लिहिण्यासारखं आहे.

त्यांनीच एक फॉर्म भरला. औषधाने त्रास झाला तर तो कळवायची सरकारी सोय आपल्याकडे २०१० पासून आहे, गाझियाबादच्या कार्यालयात या नोंदी जमतात, आणि १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरावर रुग्णाला स्वतःलाही सांगता येतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फॉर्मवर रुग्णाचं पूर्ण नाव लिहीत नाहीत, नुसती आद्याक्षरं. वय, वजन, कोणतं औषध, कधी सुरू, कधी बंद, काय झालं. गाझियाबादहून या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्साला नावाच्या गावी जातात, जगभरातल्या तक्रारींच्या ढिगात. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलेल्या थॅलिडोमाइडने १९६० च्या आसपास हजारो बाळं हातापायांविना जन्माला घातली, त्यानंतर हा ढीग साठवायला सुरुवात झाली. बाबांना हे फार आवडलं. पासपोर्ट कधी काढला नाही, पण आपलं अक्षर स्वीडनला गेलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. सांगताना चेहरा कोराच असायचा, त्यामुळे लोकांना हसावं की नाही ते कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना लागली होती. एकदा रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी ती राहिलेली पट्टी मागून घेतली. दिव्याखाली धरली, उलटी केली, कडेने नख फिरवलं, एका कॅप्सूलभोवतीचं सील दाबून बघितलं. ‘पॅकिंग उत्तम आहे,’ ते म्हणाले. ‘बॅच आहे, तारीख आहे, सील पक्कं आहे. यात काहीच खोट नाही.’ एकतीस वर्षं त्यांनी निळं पाणी आत गेलंय का ते बघितलं होतं. पट्टी हातात आली की आजही आधी एक्स्पायरी वाचतात. आत काय आहे ते मात्र त्यांनीही कधी वाचलं नव्हतं. ते काम दुसऱ्या खात्याचं होतं.

कॅप्सूल बंद होऊन आता पाच महिने झाले. डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की उतरायला कित्येक आठवडे लागतात, काहींना महिने, आणि काहींचं पूर्ण उतरतच नाही. कधी कधी आतमध्ये खरा आजार सुरू होऊ घातलेला असतो, औषधाने तो फक्त लवकर दिसतो. त्यामुळे दर दोन महिन्यांनी त्या बाबांना तेच तलावांचं वाक्य लिहायला लावतात. जानेवारीत चपलांचा सर्र आवाज थांबला. तो थांबलाय हे मला एका दुपारी घर एकदम शांत वाटलं तेव्हा कळलं. होळीच्या सुमाराला बाबा काकूंच्या नातवाच्या कुठल्याशा विनोदावर हसले, अगदी दात दाखवून, आणि काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला आत जाऊन डोळे पुसावे लागले. उजव्या हाताचा अंगठा मात्र नुसते बसले असले की अजून हलतो. थोडासा. थोडासा नसतो, हे त्यांचंच वाक्य आहे, म्हणून तो विषय कुणी काढत नाही.

अक्षराची मोजणी ते स्वतः करतात. कंपनीतून आणलेली स्टीलची सहा इंची पट्टी आहे त्यांच्याकडे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती ‘औषधे’वर ठेवतात, डोळा अगदी जवळ नेऊन शिरोरेघेपासून खालपर्यंत मोजतात आणि समासात पेन्सिलने लिहून ठेवतात. डिसेंबर, २. फेब्रुवारी, ३. एप्रिल, ४. जुन्या डायरीतलं मार्चचं ‘औषधे’ ५ मिलिमीटर होतं, तेही त्यांनी शोधून मोजून ठेवलंय. मेडिकलमध्ये आता मी चिठ्ठी काउंटरवर उघडून ठेवते. पोरगा ती वाचतो, ‘बाबा कसे आहेत?’ विचारतो, मी बरे आहेत म्हणते. आमच्यात पूर्वीचा सैलपणा राहिलेला नाही.

परवा रात्री अकराला बाबांच्या खोलीतला दिवा लागला. गेले तर पलंगाच्या कडेवर बसून छाती चोळत होते. जेवणात वांग्याचं भरीत होतं, ते त्यांना आता अजिबात सोसत नाही. मी पाठीवरून हात फिरवला. एक मोठा, न येता येता अडकलेला ढेकर.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘एक सांगू? ती कॅप्सूल होती ना, तेव्हा पोट कसं अगदी फुलासारखं हलकं असायचं.’

मी ओवा भाजायला घेतला.